वैर मनी

"वेरमणी," मी म्हटलं.

"वैर मनी," आत्याबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, एक शब्द आहे तो. मध्ये तोडायचा नाही. वे-र-म-णी."

"तेच त म्हन्तो मी. वैर मनी."

बैलबंडी हाकणाऱ्या लटारीमामांचे खांदे हलले. हसत होते ते. मला राग आला. पौषातली सकाळ होती, कडब्यावर दव होतं, आणि आम्ही तालुक्याच्या कोर्टात साक्षीला निघालो होतो. हसण्याची ती वेळ नव्हती.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, कौतिकाबाई थूल. आमच्या भागात बायकाही 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, आत्याबाईही तसंच बोलायच्या. मी मात्र सातवी पास होते. वस्तीत वाचता येणारी बाई मी एकटीच. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. तेव्हापासून संध्याकाळी वस्तीच्या खोलीत तसबिरीपुढे मेणबत्ती लागली की मी पुस्तिका उघडून वंदना सांगायची आणि बाकीच्यांनी माझ्यामागून म्हणायची. पंचशील आलं की पाचही वेळा सगळ्यांच्या आवाजाच्या वर आत्याबाईंचा आवाज जायचा. पाणातिपाता वैर मनी सिक्खापदं समादियामि. कुणालाही हत्या किंवा इजा करण्यापासून दूर राहण्याची शिकवण मी घेते, एवढा सरळ अर्थ. त्यात त्या 'वैर' घालून मोकळ्या. सगळ्यांदेखत मी कितीदा तरी थांबवलं होतं त्यांना. त्या "हाव, हाव" म्हणायच्या आणि पुढच्या शीलाला पुन्हा तेच.

"आज तिथं कोणी म्हणायला लावलं तर?" मी विचारलं.

"कोन लावते? तिथं का वंदना हाय?"

"सरकारी वकील म्हणाले ना, नव्या धर्माबद्दल विचारतील म्हणून."

"इचारू दे. तू आपलं पाह्य. तुह्या नाकावर बसला हाय तो राग, त्याचं काय करतं?"

त्यांनी डाव्या हाताने बंडीची उभारी धरली होती. उभारी म्हणजे बंडीच्या कडेला ठोकलेलं मनगटाएवढं जाड लाकूड. त्यांचा उजवा हात मांडीवर पडलेला होता. कोपराखाली तो बाहेरच्या बाजूला वळला होता. हाड जुळलं होतं, पण सरळ बसलं नव्हतं. आणि तो मोडला होता तो अशाच एका उभारीने.

झालं ते श्रावणात झालं. मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, गोठ्यात बैल मेला. पिढ्यान्‌पिढ्या मेलेलं ढोर आमच्या लोकांनी ओढून न्यायचं, सोलायचं, असा रिवाज. दीक्षा घेतल्यापासून आम्ही तो सोडला होता. तीन वेळा बोलावणं आलं, तीन वेळा वस्तीने नाही म्हटलं. चौथ्यांदा मालगुजारांचा मुलगा दिनकरराव स्वतः बंडी घेऊन वस्तीत आला. पुरुष निंदणाला गेले होते. माझे यजमान श्रावण नागपूरच्या गिरणीत होते, महिन्याने घरी येणारे. दारात आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. दिनकरराव म्हणाला, चल, बैल ओढायला माणसं दे. आत्याबाई सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "नाही ओढनार." त्याने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग त्याने बंडीची उभारी उपसली.

मी आतून धावत आले तेव्हा तांदूळ मातीत सांडले होते आणि आत्याबाई त्यांवर पडल्या होत्या. मी दगड उचलला. चांगला मोठा होता, दोन्ही हातांत मावेल एवढा. दिनकरराव माझ्यापासून चार हातांवर होता आणि त्याची पाठ माझ्याकडे होती. दगड नेमका लागला असता. पण खालून आत्याबाईंचा आवाज आला. "टाक तो. शेवंते, टाक खाली."

मी टाकला. त्याचा राग मला पाच महिने होता. आत्याबाईंचा.

आता कोर्टात दोन्ही बाजूंनी फिर्याद होती. आमची हात मोडल्याची. त्याची अशी की, वस्तीतल्या लोकांनी जुन्या वैरातून त्याच्यावर दगडफेक केली, आणि त्या गडबडीत म्हातारी स्वतःच पडली. त्याचं खरं ठरलं तर वस्तीतले पाच पुरुष आत जाणार होते. ते दगडाच्या वेळी शेतात होते, हे सांगायलाही आम्हा दोघींशिवाय कोणी नव्हतं.

"मी सांगून ठेवतो बापा," लटारीमामा पुढे पाहतच म्हणाले. आता ते हसत नव्हते. "निकाल उलटा लागला न, त मी ओढीन. उन्हाळ्यात ढोरं मरतेच. लेकरं हायेत मले. मीच नाही, चार घरं हायेत तशी."

"मामा," मी म्हटलं.

"खोटं काऊन बोलू? कोर्टानं मालगुजाराकडून सांगतलं त आपन कोन?"

आत्याबाईंनी खालचा कडबा डाव्या हाताने सारखा केला. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "तुले तो वकील चिडवीन."

"माहीत आहे."

"राग येईन."

"नाही येऊ देणार."

"येईन न. तो का इचारून येते?" त्या हसल्या. "भन्तेजी का म्हनत होते, तूच त लिवून घेतलं."

पावसाळ्यात एक भन्तेजी, म्हणजे बौद्ध भिक्खू, वस्तीत आठ दिवस राहिले होते. मनात न आलेला वाईट विचार येऊ देऊ नये, आलेला टाकून द्यावा, न आलेला चांगला आणावा, आलेला टिकवावा, अशा चार गोष्टी त्यांनी सांगितल्या. मी त्या सुवाच्य अक्षरात वहीत उतरवल्या होत्या. मला चारही पाठ होत्या.

"मले त चार ध्यानात राहत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "मी एकच ठेवलं. आला त येऊ द्याचा. तो राहीन उभा दारात. त्याले पाट नाही टाकाचा. बसाले पाट भेटला का मंग तो जेवल्याबिगर जात नाही."

*

कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही भिंतीला टेकून बसलो. दिनकररावाला आत खुर्ची दिली होती. पट्टेवाल्याने बाहेर येऊन तीनदा पुकारा केला, "शेवंताबाई श्रावण थूल हाजिर." साक्ष न झालेल्या माणसाने बाहेरच थांबायचं असतं, म्हणून आत्याबाई बाहेर राहिल्या आणि मी एकटी आत गेले.

कारकून म्हणाला, "म्हणा. देवाशप्पथ खरं सांगेन."

"प्रतिज्ञेवर सांगीन," मी म्हटलं. ते मी ठरवूनच आले होते. मॅजिस्ट्रेट साहेबांनी मान हलवली. चष्मा लावणारे, बारीक चणीचे गृहस्थ होते ते. मला बरं वाटलं. आपलं सगळं ठीक होणार असं वाटलं.

सरकारी वकिलांचे प्रश्न सोपे होते. मग दिनकररावाचे हरकरे वकील उठले. गोड आवाजाचा माणूस. मला 'ताई' म्हणाले.

"शिकलेल्या आहात, ताई?"

"सातवी पास."

"वा. मग खोटं बोलणार नाही तुम्ही. हातात दगड घेतला होता?"

"घेतला होता."

"मारला?"

"नाही."

"का बरं? सासू पडलेली, समोर माणूस पाठमोरा. तुमच्या जागी मी असतो तर मारला असता."

"नाही मारला."

"बरं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत याच मालगुजारांच्या दारातून तुमच्या सासूबाई मेलेलं ढोर नेत होत्या?"

"नेत होत्या."

"कातडं काढत होत्या?"

"हो."

"आणि उरलेलं?"

मी साहेबांकडे पाहिलं.

"ताई, उत्तर द्यावं लागेल. उरलेलं काय करत होत्या? टाकून देत होत्या?" कोणीतरी मागे फिदकन हसलं. "की चुलीवर चढवत होत्या? म्हणजे दोन वर्षांपूर्वी जे पोटाला चाललं ते आता हाताला चालत नाही. त्या नव्या देवाने असं काय सांगितलं हो? मला समजावून सांगा. चव गेली का एकदम?"

राग आला. आत्याबाईंनी सांगितल्याप्रमाणेच न विचारता आला. आणि मी त्याला पाट टाकला, ताट वाढलं, वरून तूप वाढलं.

"हो, खाल्लं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "तुम्ही खायला लावलं म्हणून खाल्लं. आता तुमचं मेलेलं तुम्हीच ओढा. त्या दिवशी आत्याबाईंनी अडवलं नसतं तर तो दगड मी याच्या डोक्यातच घातला असता. आणि पुन्हा आला आमच्या दारात तर घालीनच."

कारकुनाची लेखणी कागदावर करकरत होती.

हरकरे वकील हसले. गोडच हसले. "एवढंच विचारायचं होतं," म्हणाले, आणि बसले.

सरकारी वकिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मॅजिस्ट्रेट साहेबांनी मला माझं बोलणं वाचून दाखवलं, सही घेतली. माझी सही चांगली वळणदार होती. त्या कागदाखाली ती मला बघवेना.

पट्टेवाल्याने आत्याबाईंना पुकारलं. मी मागच्या बाकाकडे निघाले आणि त्या दारातून आत आल्या, तेव्हा आम्ही एकमेकींजवळून गेलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं.

"टाकला वाटते पाट," त्या हळूच म्हणाल्या, आणि पिंजऱ्याकडे गेल्या.

*

"म्हणा बाई. देवाशप्पथ खरं सांगेन."

"देवाची नाही घेत मी."

"मग कशाची घेता?"

"पंचशील म्हन्तो मी रोज. त्याच्यात खोटं बोलाचं नाही असं हाय. त्याच्यावरून सांगतो."

साहेबांनी प्रतिज्ञेवर म्हणून लिहून घेतलं. पण मी पाहिलं, हरकरे वकिलांनी कागदावर काहीतरी टिपलं.

आत्याबाईंनी घडलेलं सांगितलं. दहा वाक्यांत. सुपात तांदूळ होते, तो आला, हे म्हणाला, म्या हे म्हनलं, त्यानं उभारी काढली. हात उचलून दाखवला. मग हरकरे वकील उठले.

"मावशी, पंचशीलावरून सांगता म्हणालात. आम्हालाही ऐकू द्या की. येतं ना म्हणायला?"

सरकारी वकील अर्धे उठले. "साहेब, याचा खटल्याशी संबंध काय?"

"साक्षीदाराने त्याच्यावरून शपथ घेतली आहे, साहेब. काय म्हणतात ते कोर्टाला कळायला नको?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. "म्हणू द्या."

बंडीत सकाळी मी जे बोलले होते तेच पुढे उभं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, एक शब्द, आत्याबाई, एक शब्द, तोडू नका.

आत्याबाईंनी डावा हात उजव्या, वाकड्या हातावर ठेवला. दोन्ही हात नीट जुळत नसत त्यांचे. डोळे मिटले आणि वस्तीच्या खोलीत म्हणायच्या त्याच चढ्या आवाजात म्हणाल्या, "पाणातिपाता वैर मनी सिक्खापदं समादियामि."

"थांबा, थांबा," हरकरे वकील म्हणाले. एवढं मिळेल असं त्यांनाही वाटलं नसावं. "पुन्हा म्हणा. पाणाति... पुढे काय?"

"वैर मनी."

"वैर मनी!" ते साहेबांकडे वळले. "साहेब, ऐकलंत. मनी वैर."

आता उघड हसले लोक. दिनकरराव खुर्चीत मागे रेलला. साहेबांनी टेबलावर बोट आपटलं. "शब्द वेगळा असावा, वकीलसाहेब. विरमण, म्हणजे थांबणं, असं काहीतरी."

"पुस्तकात काहीही असो, साहेब. ही बाई रोज काय म्हणते आणि काय समजून म्हणते, हा प्रश्न आहे. सून सांगून गेली डोक्यात दगड घालीन. सासू रोज संध्याकाळी देवापुढे वैराचा पाठ करते."

मी उठले. उठल्याचं मला नंतर कळलं. "साहेब, तो शब्द तसा नाही. वेरमणी. मी सांगते. मी शिकवलंय त्यांना, पण त्या..."

"तुमची साक्ष झाली आहे. बसा."

"पण साहेब, त्यांना येत नाही..."

आत्याबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. वस्तीच्या खोलीत मी सगळ्यांदेखत चूक काढायची तेव्हा पाहायच्या, तसंच. त्या नजरेला मी दोन वर्षं 'हाव, हाव' समजत होते.

कान तापले होते माझे. लोक हसले म्हणून राग आला होता, हे खरं. पण त्याखाली आणखी एक होतं. आमच्या घरातली म्हातारी अडाणी दिसते आहे, आणि मी तशी नाही हे या चष्मेवाल्या साहेबाला कळावं, असं मला वाटत होतं. ते तिथे बसलं होतं कधीचं, पाटावर, ऐटीत. मी बसले. जीभ दाताखाली धरून बसले. माझ्या हातून त्या दिवशी एवढंच काम झालं.

"सांगा मावशी," हरकरे वकील म्हणाले. "वैर म्हणजे काय?"

"वैर म्हन्जे वैर."

"आणि मनी?"

"मनी म्हन्जे मनात. तुमाले मराठी नाही येत?"

साहेबांच्या ओठांना किंचित हालचाल झाली.

"येतं, येतं. म्हणजे तुमच्या मनात वैर आहे."

"हाव."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला.

"कोणाबद्दल?"

आत्याबाईंनी वाकडा हात दिनकररावाकडे केला. "हे बसले न खुर्चीवर. याईच्याबद्दल."

"लिहून घ्यावं, साहेब. आरोपीबद्दल मनात वैर असल्याचं साक्षीदार कबूल करते. मला आणखी काही विचारायचं नाही."

"लिवा न," आत्याबाई म्हणाल्या. "पन पुरं लिवा."

"झालं मावशी, उतरा आता."

"अर्धं लिवलं त मी अंगठा नाही देत."

साहेबांनी हात वर केला. "बोलू द्या. बोला बाई."

"साहेब, सकाळी उठलं का मी चुलीपाशी जातो. पेटवाले हात पुढं करतो, त हा हात असा दिसते. मंग ते येते, वैर. रोज येते. मी नाही म्हनत का नाही येत. खोटं बोलाचं नाही, तेबी शिलात हाय." त्या थांबल्या. सवयीने पदर सारखा करायला गेल्या, उजव्या हाताने जमलं नाही, डाव्याने केला. "म्हून मी म्हन्तो, वैर मनी. हे मनी हाय, पाह्य. मनीच हाय. तोंडात येऊ द्याचं नाही, हातात येऊ द्याचं नाही. तेच समादियामि."

"समादियामि म्हणजे?" हे साहेबांनी विचारलं.

"आपल्या अंगावर घेतो. माह्या वैराचं मी पाह्यतो. तुमच्यावर नाही टाकत, याईच्यावर नाही टाकत."

कारकुनाची लेखणी थांबली होती. साहेब म्हणाले, "लिहा."

"माह्या सुनेच्या हातात धोंडा होता. म्या म्हनलं टाक. तिनं टाकला. वीस वर्साची पोरगी, सासू खाली पडली, आन तिनं टाकला. आता इथं काय बोलली मले ठाव नाही, तोंड पाहून वाटते काही तरी बोलली. पन ते तोंडात आलं. हातातलं तिनं टाकलं होतं." त्या दिनकररावाकडे वळल्या. "याईच्या मनात काय होतं, मले नाही ठाव. मनाचं कोन पाहेल? पन हातात उभारी होती. ते म्या पाह्यली."

कोणीही हसलं नाही.

हरकरे वकील पुन्हा उठले. आवाजातला गोडवा कमी झाला होता. "म्हणजे वैर होतं म्हणूनच तुम्ही बैल ओढायला नकार दिलात. मालगुजारांना अडवायला."

"नाही."

"आताच तर म्हणालात वैर आहे."

"ते हात मोडल्यावरचं. बैल त आधी मेला न वकीलसाहेब." त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. "वैर नसतं तरी नसता ओढला. उद्या हे वैर गेलं माह्या मनातून, जाईन बी, त तरी नाही ओढनार. यानं माफी मागतली तरी नाही ओढनार. वैराचा आन ढोराचा काही संबंध नाही. तेबी लिवा, साहेब. ओढनार नाही."

साहेबांनी कारकुनाला सांगितलं, सावकाश, पुस्तकी मराठीत. साक्षीदाराच्या मनात आरोपीविषयी वैरभाव आहे. तो वाणीत व कृतीत येऊ न देण्याचे व्रत ती नित्य घेते. मृत जनावर ओढण्यास तिचा नकार त्या वैरभावाशी संबंधित नाही व तो कायम आहे. मग वाचून दाखवलं.

"हेच म्हणालात ना?"

"म्या एवढं चांगलं नाही म्हनलं," आत्याबाई म्हणाल्या. "पन हाव. तेच."

आणि डाव्या हाताचा अंगठा दिला.

*

निकाल फाल्गुनात लागला. दगडफेकीची फिर्याद फेटाळली गेली. माझ्या तोंडून निघालेल्या शब्दांची नोंद निकालपत्रात होती, पण त्याच्या पुढच्याच ओळीत दगड टाकून दिल्याचीही होती. दिनकररावाला शिक्षा झाली ती कोर्ट उठेपर्यंतच्या कैदेची. म्हणजे कोर्टाचं कामकाज संपेपर्यंत त्याने तिथेच, व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहायचं. मोडलेल्या हाडाला एक दिवसाचं बसणं. मला रडू आलं.

"चला आत्याबाई, जाऊ."

"थांब."

त्या त्याच व्हरांड्यात, त्याच्या समोरच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. फडक्यातली भाकर सोडली. पट्टेवाला येऊन म्हणाला, "आजी, तुमचं काम झालं, जा घरी."

"माहं झालं. याईचं नाही झालं. कोर्ट उठू द्या."

साडेअकरा वाजता बसल्या त्या पाच वाजेपर्यंत. एक शब्द बोलल्या नाहीत. टक लावूनही पाहिलं नाही. बाजारात बसतात तशा बसल्या होत्या. दिनकररावाने आधी वर्तमानपत्र वाचलं, मग ते तोंडासमोर धरून ठेवलं, मग बाकावर वळून भिंतीकडे तोंड केलं. येणारेजाणारे विचारत, काय झालंय इथे? आणि पट्टेवाला सांगत असे. दिवसभर सांगत होता तो.

पाच वाजता कोर्ट उठलं. व्हरांडा अरुंद होता. आत्याबाईंनी पाय पसरले होते. तो आला, थांबला. आयुष्यभर आमची माणसं त्यांच्या वाटेतून बाजूला सरत आली होती. आत्याबाईंनी पाय आवरले नाहीत. तो कठड्याकडून वळसा घालून गेला.

परतताना बंडी गावच्या वाटेला लागली. नंतर लटारीमामा म्हणाले, "कौतिके, तुह्या वाकड्या हातानं सरळ केलं काम."

"बैल पाह्य समोर," आत्याबाई म्हणाल्या. मग मला विचारलं, "तो बराबर शब्द काय होता वं?"

"वेरमणी."

"त्याचा अर्थ काय होते?"

"दूर राहणं."

त्यांनी थोडा विचार केला. "दूर कसं राहाचं? ते त मनीच असते." आणि मग, "तुह्यंबी बराबर असंन. पुस्तकात हाय त."

त्या दिवसानंतर मी त्यांना एकदाही दुरुस्त केलं नाही. वैशाखात मालगुजारांची म्हैस मेली. दिवाणजी वस्तीच्या तोंडाशी येऊन हाका मारत उभा राहिला. लटारीमामा बाहेर गेले. मी दारातून ऐकलं. "नाही ओढनार," ते म्हणाले. "कोर्टात लिवलं हाय."

आत्याबाई जाऊन आता बेचाळीस वर्षं झाली. मी पंच्याऐंशीच्या पुढे आहे. वस्तीच्या खोलीच्या जागी संगमरवरी फरशीचा विहार आहे, माइक आहे, वंदना घेणारी मुलगी एम. ए. झालेली आहे आणि तिचे उच्चार माझ्याहून चांगले आहेत. रविवारी मी काठी टेकत जाते. पुढच्या रांगेत मला खुर्ची ठेवतात.

मागच्या पौर्णिमेला पहिलं शील झाल्यावर तिने माइक बाजूला धरला आणि वाकून अगदी प्रेमाने म्हणाली, "आजी, तो एकच शब्द आहे. वेरमणी."

"माहीत आहे, बाई," मी म्हटलं.

मग दुसरं शील आलं, आणि सगळ्यांच्या आवाजाच्या वर मी म्हटलं, "अदिन्नादाना वैर मनी."